परत आलेला डबा

गेल्या महिन्यात एक प्रौढ बाई आमच्या कार्यालयाचा जिना चढून आल्या. बातमी द्यायला नव्हे, जाहिरात द्यायलाही नव्हे. एक प्रश्न विचारायला. भंवरकुआं भागात त्यांचा डब्यांचा व्यवसाय आहे. खरगोन, बडवानी, खंडवा, धार अशा ठिकाणांहून परीक्षांच्या तयारीसाठी इंदुरास आलेल्या चाळीसेक मुलामुलींचे जेवण दोन्ही वेळा त्यांच्या स्वयंपाकघरातून जाते. त्यांपैकी एका मुलाचा डबा लागोपाठ तीन दिवस जसाच्या तसा परत आला. पहिल्या दिवशी बाईंना वाटले, भाजी आवडली नसेल. दुसऱ्या दिवशी डबे पोचवणाऱ्या पोऱ्याने सांगितले की दार उघडले नाही, डबा बाहेरच ठेवून आलो. तिसऱ्या दिवशी बाई स्वतःच तीन मजले चढून गेल्या. दार नुसतेच लोटलेले होते. मुलगा भिंतीकडे तोंड करून पडला होता. ‘बेटा, कुछ खा ले,’ एवढेच बाईंच्या तोंडून निघाले. तो काही बोलला नाही. बाई थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि खाली आल्या. घरमालकांना सांगितले, तर ते म्हणाले, ‘अहो काकू, या वयात पोरं अशीच असतात.’

पुढे त्या मुलाच्या एका मित्राने गावी फोन केला, वडील आले, त्याला घेऊन गेले, डॉक्टरांचे उपचार सुरू झाले आणि आता तो सावरतो आहे. गोष्ट सुखाची झाली. पण बाईंचे समाधान झालेले नव्हते. त्या म्हणाल्या, ‘त्या दारात मी उभी होते हो. त्या वेळी मी काय बोलायला हवं होतं, एवढं कुणी शिकवतं का?’

हा प्रश्न आम्हांस त्या दिवसापासून सोडीत नाही. आज या स्तंभात नाटक, संगीत किंवा ग्रंथ यांऐवजी त्या प्रश्नाचाच विचार करावा असे आम्ही ठरवले आहे. हा विषय संस्कृतीच्या पानाचा नव्हे असे ज्यांना वाटेल, त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की, पोर दुःखात असता वडीलधाऱ्या माणसाने त्याच्या दारात उभे राहून काय बोलावे, हे ज्या समाजाला ठाऊक नाही, त्याच्या संस्कृतीचे एक पान कोरेच राहिले आहे.

प्रश्न किती मोठा आहे हे आकड्यांवरून कळते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्या यादीत महाराष्ट्र पहिला, तमिळनाडू दुसरा आणि आपला मध्य प्रदेश तिसरा होता. ही नोंद झालेल्यांची संख्या. जी मुले नुसतीच आतल्या आत कुढत राहिली, अभ्यास सोडून बसली, कुणाच्या छळाखाली दिवस काढीत राहिली, त्यांची गणती कोणत्याच वहीत नाही.

आपल्याकडे जुन्या काळी शिकायला आलेल्या गरीब मुलाला वार लावून देण्याची पद्धत होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी सात घरे त्याला जेवू घालीत. आजच्या वाचकांपैकी अनेकांचे आजे-पणजे असेच वारावर जेवून वकील, मास्तर आणि कारकून झाले. या पद्धतीचा एक गुण तिच्या पुरस्कर्त्यांच्याही ध्यानात आला नसेल. आठवड्यातून सात वेगवेगळ्या घरांतील माणसे त्या मुलाचे तोंड पाहत. तो जेवायला आला नाही, तर त्या घरी एक पान वाढलेले राहून जाई, आणि कुणीतरी म्हणे, ‘आज तो दिसला नाही, बघा तरी.’

अर्थात त्या काळाचे गोडवे गाण्याचे आम्हांस कारण नाही. वार सगळ्या जातींच्या मुलांना लागत नसत, आणि मुलींचा तर प्रश्नच नव्हता. जेवणाबरोबर अपमानही वाढला जाई. वारावर जेवणाऱ्या मुलाच्या पोटाची चौकशी होई. मनाची चौकशी तेव्हाही कुणी केली नाही. त्यांतली किती मुले रात्री उशीत तोंड खुपसून रडली, हे त्यांनी म्हातारपणीसुद्धा सांगितले नाही. तेव्हा जुने दिवस परत आणावेत असे आमचे म्हणणे नाही. म्हणणे एवढेच की, घरापासून दूर असलेल्या मुलाच्या भोवती त्याला रोज पाहणारी काही माणसे असत. आज त्या सात घरांच्या जागी एक डबा आला आहे, आणि डबा काही विचारीत नाही.

पण डबा परत येतो, तेव्हा तो काहीतरी सांगतो. हे प्रथम ओळखले ते राजस्थानातील कोटा शहराने, आणि तेही फार मोठी किंमत मोजून. 2023 साली तेथील पोलिसांनी ‘दरवाजे पे दस्तक’ नावाची मोहीम काढली. वसतिगृहाच्या देखरेख करणाऱ्यांनी रात्री मुलांच्या दारावर थाप मारून विचारपूस करावी, आणि मेसचे कामगार व डबेवाले यांनी, एखादा मुलगा वारंवार जेवायला येत नसेल किंवा त्याचा डबा न खाताच परत येत असेल, तर ते कळवावे, असे आवाहन त्यांनी केले. आचारी, डबेवाला आणि वसतिगृहाचा रखवालदार यांनाही मुलाच्या जीविताच्या राखणदारांत धरावे, हा विचार आम्हांस फार मोलाचा वाटतो.

मात्र येथेच बाईंचा प्रश्न पुन्हा पुढे येतो. थाप मारली, दार उघडले, पुढे काय? नुसते पाहणे पुरेसे नाही. बाईंनी पाहिले होते, त्या चालतही गेल्या होत्या. त्यांच्यापाशी माया होती, शब्द नव्हते. आपली समजूत अशी आहे की माया असली म्हणजे शब्द आपोआप सुचतात. ही समजूत चुकीची आहे. माया असणाऱ्या आईबापांनीच आजवर किती वेळा म्हटले असेल, ‘एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलास?’, ‘आमच्या वेळी आम्ही याहून जास्त सोसलं’, ‘रडतोस काय मुलीसारखा?’ यांतील एकाही वाक्यात दुष्टावा नाही. पण प्रत्येक वाक्याने एकेक दार बंद होते.

मुलाचा हात कापला तर डॉक्टर येईपर्यंत काय करावे, हे आपण शाळेत शिकतो. जखम कशी धुवावी, पट्टी कशी बांधावी हे शिकलेला मनुष्य डॉक्टर होत नाही, तसा दावाही करीत नाही. तो फक्त मधली वेळ सांभाळतो. मनाच्या बाबतीतही असे प्रथमोपचार शिकवता येतील, हा विचार 2000 साली ऑस्ट्रेलियात बेटी किचनर आणि अँथनी जॉर्म या दांपत्याने अभ्यासक्रमाच्या रूपाने मांडला, आणि तो पुढे अनेक देशांत गेला. अमेरिकेत पॉल क्विनेट या मानसशास्त्रज्ञाने त्याआधी विचारणे, समजावणे आणि योग्य माणसाकडे पोचवणे अशा तीन पायऱ्यांचे शिक्षण सुरू केले होते. ही शिकवण काही गूढ नाही. तिचा गाभा वाचकांस येथे सांगता येण्यासारखा आहे.

पहिली गोष्ट, बदल ओळखणे. अबोल मुलगा अबोल असतो, त्यात विशेष काही नाही. पण बोलका मुलगा दोन आठवडे अबोल झाला, तर त्याकडे लक्ष द्यावे. झोप, भूक, अंघोळ, मित्र आणि आवडीचा खेळ या पाचांपैकी दोन-तीन गोष्टी एकाएकी सुटल्या, ‘माझा सगळ्यांना भारच आहे’ असे बोलणे वारंवार निघू लागले, जिवापाड जपलेल्या वस्तू तो वाटून टाकू लागला, किंवा फार दिवसांच्या तळमळीनंतर काही कारण नसता एकदम शांत झाला, तर वाट पाहत बसू नये.

दुसरी गोष्ट, विचारणे, आणि स्पष्ट विचारणे. बहुतेकांचे पाऊल येथे अडते. त्यांना भीती वाटते की आपण विचारले तर जे मनात नाही तेच मुलाच्या मनात यायचे. या भीतीला आधार नाही. या विषयावर झालेल्या संशोधनातून आत्महत्येविषयी विचारल्याने तो विचार मनात रुजतो असे दिसून आलेले नाही. उलट, ज्याच्या मनात तो विचार आहे त्याला, कुणीतरी सरळ विचारल्याने हायसे वाटू शकते. ‘काही दिवसांपासून तू जेवत नाहीस, हे मी बघते आहे. फार त्रास होतो आहे का? जगू नये असं कधी मनात येतं का?’ एवढे साधे बोलणे पुरते. आवाज चढू नये, घाई दिसू नये.

तिसरी गोष्ट, ऐकणे. आपल्या वडीलधाऱ्यांना सर्वांत कठीण जाणारी हीच. मुलगा दोन वाक्ये बोलला की आपण दहा वाक्यांचा उपदेश करतो. या शिकवणीत उपदेशाला मनाई आहे. त्याचे दुःख आपल्या मापाने मोजायचे नाही. तो थांबला तर आपणही थांबायचे. मधली शांतता भरून काढण्याची गरज नसते.

चौथी गोष्ट, खोटे वचन न देणे. ‘कुणाला सांगणार नाही, शपथ घ्या,’ असे मूल म्हणते आणि आपण मायेपोटी हो म्हणतो. जिथे जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका आहे, तिथे ही शपथ घेऊ नये. ‘ज्यांना सांगणं भाग आहे त्यांनाच सांगू, आणि सांगताना मी तुझ्याबरोबर असेन,’ हे वचन मात्र द्यावे आणि पाळावे.

पाचवी गोष्ट, पोचवणे. धोका दिसला तर मुलाला एकटे सोडू नये, ज्याने इजा होईल अशा वस्तू हाताशी राहू देऊ नयेत आणि जाणकाराशी गाठ घालून द्यावी. 10 ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा चालू आहे. तिचा क्रमांक 14416. ती चोवीस तास चालते, तिला पैसे पडत नाहीत आणि तिथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक मुलाच्या हाती देऊन निघून जाऊ नये; शेजारी बसून आपणच लावून द्यावा. संकट समोर उभे असेल तर थेट रुग्णालय गाठावे.

काही वेळा मुलाच्या गप्प होण्यामागे परीक्षा नसते, माणूस असतो. शिकवणीतला, नात्यातला, वाड्यातला. तेव्हा मुलाने सांगितलेले खरे मानून ऐकावे, पोलिसी उलटतपासणी करू नये, तीच कहाणी चारचौघांपुढे पुन्हा पुन्हा वदवू नये. 2012 च्या ‘पॉक्सो’ कायद्याने अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याचा संभव असल्याचे ज्याला कळले, त्या प्रत्येकावर ते पोलिसांना कळवण्याची जबाबदारी टाकली आहे. घराण्याच्या अब्रूची सबब कायद्यास मान्य नाही. मुलांच्या मदतीसाठी 1098 हा क्रमांक आहे. दुसरीकडे, ज्याने जीव देण्याचा प्रयत्न केला त्याच्यावर खटला होईल म्हणून कुटुंबे अजूनही गोष्ट लपवतात. त्यांनी हे जाणून घ्यावे की 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या 115 व्या कलमाने असा मनुष्य तीव्र तणावाखाली होता असेच धरून चालावे, त्याला शिक्षा करू नये, असे ठरवले. आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत तर ते जुने 309 कलम ठेवलेलेच नाही. भीतीचे कारण उरले नाही. लपवण्याची सवय तेवढी उरली आहे.

हे शिक्षण कुणी घ्यावे? पटकन सुचणारे उत्तर म्हणजे शिक्षकांनी. सर्वोच्च न्यायालयानेही 25 जुलै 2025 रोजी, विशाखापट्टणम येथे प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, देशातील सर्व शिक्षणसंस्थांना, कोचिंगवर्गांना आणि वसतिगृहांना लागू होणारी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक जाणकार समुपदेशक असावा आणि शिकवणाऱ्या व न शिकवणाऱ्या सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून निदान दोनदा असे प्रशिक्षण मिळावे, असे त्यांत सांगितले आहे. ‘न शिकवणाऱ्या’ हा शब्द वाचकांनी विसरू नये. आमचा सारा भर त्याच शब्दावर आहे.

कारण अनुभव काहीसा निराळा आहे. युरोपातील दहा देशांत 168 शाळांमधून अकरा हजारांहून अधिक मुलांवर एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. ज्या शाळांत केवळ शिक्षकांना द्वारपालाचे शिक्षण दिले, तिथे फरक सिद्ध झाला नाही. जिथे मुलांनाच स्वतःच्या आणि मित्रांच्या मनाविषयी बोलायला शिकवले, तिथे वर्षभरानंतर आत्महत्येचे प्रयत्न तुलनेच्या शाळांपेक्षा जवळजवळ निम्मे आढळले. आपल्याच देशात, बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील 74 शाळांत गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेने ‘सेहेर’ नावाचा प्रयोग केला; त्याचे फलित 2018 साली जगापुढे आले. तोच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांनी चालवला, काही शाळांत त्यासाठी तयार केलेल्या साध्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी. शिक्षकांच्या शाळांत विशेष लाभ दिसला नाही. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारले, मुलांचे खिन्नपण आणि आपसातील दांडगाई कमी झाली.

यावरून शिक्षक निरुपयोगी आहेत असा अर्थ कुणी काढू नये. आमच्या मते याचे कारण साधे आहे. शिक्षकाच्या डोक्यावर आधीच कामांचा डोंगर असतो, आणि त्याच्या हाती गुणांची वही असते. ज्याच्या हाती गुण आहेत त्याच्यापुढे मूल मन उघडत नाही. तेच आईबापांचे, कारण त्यांच्या हाती अपेक्षांची वही असते. मुलाला असा एखादा मोठा माणूस लागतो, जो त्याची परीक्षा घेणार नाही आणि निकालही विचारणार नाही. असा माणूस कुठे सापडेल? डबे करणारी काकू, खोली भाड्याने देणारे आजोबा, व्यायामशाळेतले उस्ताद, वाचनालयातला ग्रंथपाल, गाण्याचे गुरुजी, कोपऱ्यावरचा चहावाला. आपल्या शहरात अशी माणसे हजारोंनी आहेत. त्यांच्यापाशी माया आहे, वेळ थोडाफार आहे; शब्द तेवढे नाहीत. तेच त्यांना द्यायचे आहेत.

कुणी म्हणेल, हे डॉक्टरांचे काम, अर्धवट शिकलेला मनुष्य घोटाळा करील. शंका रास्त आहे, म्हणूनच शिक्षणात मर्यादाही शिकवली पाहिजे. रोगाचे नाव ठेवणे, औषध सुचवणे, गंडेदोरे करणे हे या माणसाचे काम नव्हे. त्याचे काम दारापासून डॉक्टरापर्यंतचे. तसेच, मुलांच्या जवळ जाण्याची संधी वाईट हेतूचा मनुष्यही शोधीत असतो. म्हणून बोलणे इतरांच्या दृष्टीच्या टप्प्यात व्हावे, बंद खोलीत नव्हे. आणि एक मूल एकाच माणसावर विसंबून राहील असे होऊ देऊ नये. जुन्या वारांत घरे सात होती, यातले शहाणपण येथे घेण्यासारखे आहे.

आमची सूचना फार खर्चाची नाही. आपल्या शहरात मराठी मंडळे, वाचनालये, व्यायामशाळा थोड्या नाहीत. त्यांची सभागृहे व्याख्यानमालांनंतर महिनोन्महिने रिकामी असतात. नवे वर्ग सुरू होण्यापूर्वी उन्हाळ्यात प्रत्येक संस्थेने एक दिवस राखावा. बाणगंगेच्या शासकीय मानसिक रुग्णालयातील तज्ज्ञांना किंवा शहरातील मानसशास्त्राच्या प्राध्यापकांना विनंती करावी. बोलावणे मात्र नेहमीच्या श्रोत्यांना धाडू नये. मेस चालवणाऱ्यांना, घरमालकांना, रिक्षावाल्यांना धाडावे. दोन माणसे समोरासमोर बसवून, एकाने मुलगा व्हावे आणि दुसऱ्याने दारात उभे राहावे, असा प्रत्यक्ष सराव करून घ्यावा; कारण ही विद्या ऐकून येत नाही, बोलून येते. आणि तीन महिन्यांनी पुन्हा जमावे, कारण न वापरलेली विद्या गंजते, आणि दुसऱ्याचे दुःख ऐकणाऱ्यालाही कधी आपले मन मोकळे करावे लागते.

आपण मराठी माणसे होळकरांच्या पाठोपाठ या माळव्यात आलो, तेव्हा परकेच होतो. या मातीने आपल्याला ठेवून घेतले. आज निमाडातून आणि खेड्यापाड्यांतून जी मुले एक ट्रंक आणि आईबापांच्या आशा घेऊन आपल्या गल्लीत भाड्याच्या खोलीत उतरतात, ती भाषेने वेगळी असतील. पण जेवतात आपल्याच हातचे. त्यांचे भाडे घेतो, डब्याचे पैसे घेतो, तेव्हा त्यांची वास्तपुस्त घेणे हे उपकाराचे काम नाही, ते त्या व्यवहारातलेच देणे आहे.

त्या बाई परवा पुन्हा येऊन गेल्या. आम्ही वर लिहिलेल्या पाच गोष्टी त्यांना कागदावर लिहून दिल्या. त्यांनी त्या दोनदा वाचल्या आणि म्हणाल्या, ‘म्हणजे मी तिथं थोडी बसायला हवी होते.’ एवढ्या मोठ्या विषयाचे सार इतक्या थोड्या शब्दांत आम्हांसही सांगता आले नसते. तो कागद त्यांनी स्वयंपाकघरात, डबे भरण्याच्या ओट्यावर चिकटवला आहे. खाली 14416 हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. आणि आता परत आलेला डबा धुवायला टाकण्याआधी त्या तो एकदा उघडून पाहतात.